खेळणाऱ्या मुलाला रागावण्याआधी घराची मांडणी बदला

खडवलीतून पहाटेची लोकल पकडून कल्याणच्या बाजूला सरावाला जाणारी मुलं आपल्या ओळखीची आहेत. पाठीवर किटची बॅग आणि पोटात फार तर चहा-बिस्किट. दोन तास घाम गाळला की स्टेशनबाहेर वडापाव, वर कोल्ड्रिंक. घरी आल्यावर अम्मी ओरडते, "किती वेळा सांगितलं, नीट खात जा!" मुलगा मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पोराला जिद्दच नाही, असं आपण लगेच ठरवतो. पण माणूस कसा वागतो याचा अभ्यास करणारं वर्तनशास्त्र वेगळं सांगतं. माहिती असली म्हणून सवय बदलत नाही. भूक लागलेल्या वेळी हाताशी काय आहे आणि आजूबाजूचे काय खातात, यावर बरंच काही ठरतं.

मुंबईचा फलंदाज सरफराज खान याचंच उदाहरण घ्या. 2024 मध्ये त्याने कसोटी पदार्पण केलं, त्याच वर्षी बेंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध 150 धावा काढल्या. तरी त्याच्या वजनाची चर्चा थांबत नव्हती. 2025 च्या जुलैमध्ये बातमी आली की त्याने दोन महिन्यांत 17 किलो वजन उतरवलं. त्याचे वडील आणि प्रशिक्षक नौशाद खान यांनी तेव्हा सांगितलं की घरातच चपाती-भात बंद केला होता. ताटात सॅलड, भाजलेले मासे, चिकन, उकडलेली अंडी असत. वडिलांनीही आपलं वजन उतरवलं. आमच्या मते खरी गोष्ट इथेच आहे. एकट्या मुलाला पथ्य आणि बाकीच्यांना बिर्याणी, असं त्या घरात झालं नाही.

मात्र सरफराजचा आहार जसाच्या तसा उचलू नका. तो प्रौढ, व्यावसायिक खेळाडू आहे. वाढत्या वयातल्या मुलांना भाकरी-भातातून मिळणारी ताकद लागतेच. कमी खाऊन जास्त खेळणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होऊ शकते, हाडं कमजोर होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून याबद्दल सावध केलं आहे, आणि हा धोका मुलांनाही आहे. घ्यायची ती पद्धत घ्या.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. रमजानमध्ये सहरीला आपण जिद्दीच्या भरवशावर उठतो का? नाही. अलार्म लावतो, रात्रीच तयारी करून ठेवतो आणि सगळं घर एकत्र उठतं. म्हणून एका रात्रीत अख्ख्या घराची जेवणाची वेळ बदलते. हेच बाकीच्या अकरा महिन्यांत खेळणाऱ्या मुलासाठी करायचं.

पहिलं काम, चांगलं खाणं हाताशी ठेवा. अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये पाण्याच्या बाटल्या नजरेसमोर, जेवणाच्या काउंटरजवळ ठेवल्या, तेव्हा पाण्याची विक्री 25 टक्क्यांहून जास्त वाढली. कुणाला उपदेश करावा लागला नाही. आपल्याकडे याचा अर्थ असा की केळी, खजूर, भाजलेले चणे, उकडलेली अंडी डब्यात घालून रात्रीच किटच्या बॅगेत ठेवायची. पाण्याची बाटली चपलांजवळ. वेफर्सची पाकिटं घरात आणूच नका.

दुसरं, 'जर-तर' ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं की "चांगलं खाईन" अशा मोघम इराद्यापेक्षा ठरलेला प्रसंग आणि ठरलेली कृती जास्त टिकते. "सराव संपला, तर बूट काढायच्या आधी केळं खायचं." "मित्र वडापावला थांबले, तर आधी डबा संपवायचा." ही वाक्यं मुलाने स्वतः ठरवावीत. आपण लादली तर तो ऐकल्यासारखं करेल, एवढंच.

तिसरं, घाई करू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे एका वडापावावरून घर डोक्यावर घ्यायची गरज नाही.

आणि एक, महागड्या पावडरच्या डब्यावर घरखर्चातले पैसे घालण्याआधी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारा. डाळ, अंडी, दही, मासे आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत.

हे सगळं एकट्या अम्मीच्या डोक्यावर टाकू नका. रात्री डबा अब्बांनी भरावा, बाटली बहीण-भावाने. मूल पहाटे लोकल पकडेल तेव्हा त्याचा निम्मा निर्णय घराने आधीच घेतलेला असेल. सुरुवात आज रात्रीच करा.