पाच सेकंदांची परीक्षा

आमच्या शेजारचा मुलगा पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. गेल्या दिवाळीत तो सेवाग्रामला घरी आला, तेव्हा रोज सकाळी त्यांच्या अंगणात एक अजब प्रकार चाले. प्लास्टिकच्या खुर्चीत पाय लांब करून तो बसायचा. डोक्यावर वडिलांचं हेल्मेट, छातीवर आणि कमरेवर आईच्या ओढण्या बांधलेल्या. धाकटी बहीण मोबाईलवर वेळ लावायची. तिने 'हं' म्हटलं की ओढण्या सोडून, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन हा बाजूला उभा! मग पुन्हा बसायचा. एक दिवस तर डोळे बांधून. त्याच्या आईने मला कुंपणापलीकडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, याला काही झालं तर नाही ना?"

काहीही झालं नव्हतं. त्याच्या कॉलेजचा संघ छोटी रेस कार बांधून 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत उतरतो आणि हा तिच्या चालकांपैकी एक. या विद्यार्थी-स्पर्धांचा जगभर एक नियम आहे. चालकाने अंगात पूर्ण पोशाख घालायचा, पट्टे बांधायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि इशारा मिळाल्यापासून पाच सेकंदांच्या आत गाडीच्या बाहेर यायचं. "काका, इंजिन कितीही भारी असू द्या, यात नापास झालो तर ट्रॅकवर जाताच येत नाही," तो म्हणाला.

पाच सेकंद फार कडक वाटतात. पण ते कुठून आले हे शर्यतींच्या इतिहासात दिसतं. २९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधल्या झांडव्हूर्टला रॉजर विल्यमसन या तरुण चालकाची गाडी उलटली आणि पेटली. तो जिवंत होता, फारशी इजाही नव्हती. पण उलट्या गाडीखालून त्याला निघता येईना. डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली गाडी थांबवून धावला आणि एकट्याने ती गाडी सरळ करायला झटत राहिला. जवळच्या कर्मचाऱ्यांकडे आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते. विल्यमसन गुदमरून गेला.

त्यानंतर ४७ वर्षांनी, २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमां ग्रोझाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली. ६७ जी एवढा धक्का आणि भोवती आगीचा गोळा. तो साधारण २८ सेकंद त्या आगीत होता. उठायला गेला तर हेल्मेट अडलं, मग डावा पाय अडकला. बूट तिथेच सोडून त्याने पाय ओढून काढला. तोवर डॉक्टर इयन रॉबर्ट्स वैद्यकीय गाडीतून उतरून जवळ पोहोचले होते. ग्रोझाँ भाजला तो मुख्यतः हातांवर. डोक्याभोवतीचं 'हेलो' कडं, पेट न घेणारा पोशाख, एका हाताने फिरवून सुटणारं पट्ट्याचं बक्कल हे सगळं कामी आलंच. पण माझ्यातल्या डॉक्टरला वाटतं, ज्याच्या अंगात बाहेर पडण्याची सवय मुरलेली होती, तोच इतक्या गोंधळात तिसरा-चौथा प्रयत्न करू शकला.

आता हे सगळं मी वर्ध्याच्या वाचकांना का सांगतो आहे? कारण १ जुलै २०२३ ची पहाट आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस वर्धा, यवतमाळचे प्रवासी घेऊन समृद्धी महामार्गावर आली आणि रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ अपघात होऊन उलटली व पेटली. ३३ पैकी २५ माणसं गेली. बहुतेक जण झोपेत होते. बस डाव्या कुशीवर पडली, म्हणजे दार जमिनीशी दाबलं गेलं. जे थोडे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. बुलडाण्यात अनेकांवर एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले, कारण ओळख पटवणंच शक्य नव्हतं.

बस आडवी झाली की आतला नकाशाच बदलतो, हे आपल्या डोक्यात नसतं. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. ती डाव्या कुशीवर पडली तर उजव्या खिडक्या आपलं छत होतात, आणि अंधारात, जखमी अवस्थेत अडीच मीटर वर चढून काच फोडणं धडधाकट तरुणालाही अवघड. अशा वेळी जवळच्या वाटा तीन: पुढची काच, मागची काच आणि छतावरची आपत्कालीन झडप. छतावरची म्हणून आपण तिच्याकडे बघतही नाही. पण बस आडवी झाल्यावर तीच हाताच्या उंचीवर येते. पुढची काच लॅमिनेटेड असते, ती तडकते पण गळून पडत नाही. तिला कडेने लाथा मारून चौकटीतून सोडवावं लागतं. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात. त्या मधोमध ठोकून दमू नये, कोपऱ्याजवळ टोकदार हातोडीने मारलं की सगळी काच चुरा होऊन पडते.

घाई इतकी का, याचं उत्तर धुरात आहे. बंद जागेतल्या आगीत ज्वाळा पोहोचण्याआधी धूर माणसाला गाठतो. सीटचा फोम, रेक्झिन, पडदे, प्लास्टिकचं अस्तर जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन वायू निघतात. पहिला रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. दुसरा पेशींना मिळालेला प्राणवायू वापरूच देत नाही. दोघं मिळून आधी विचारशक्ती घालवतात, मग हातापायातलं बळ. माणूस दारापासून चार फुटांवर असतो आणि दार कुठे ते त्याला कळत नाही. ओला रुमाल नाकावर धरा, काजळी थोडी अडेल. हे वायू मात्र त्यातून आरपार जातात. म्हणून रुमाल भिजवत बसण्यात वेळ घालवू नये. खाली वाकून, जमिनीलगत सरकावं, तिथे हवा जरा बरी असते.

एक गोष्ट आमच्या पेशातल्या तरुण मंडळींनाही पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कोरोनापासून घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. धुरात सापडलेल्या माणसाला तो लावला आणि ९८ आकडा दिसला की नातेवाईक निश्चिंत होतात. पण हे यंत्र प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखत नाही. दोन्हींनी भरलेलं रक्त त्याला सारखंच लाल दिसतं. आकडा कितीही असो, अशा रुग्णाला मास्कने भरपूर प्राणवायू द्यायचा. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा, असं काही दिसलं तर रुग्ण बोलतो-चालतो आहे म्हणून घरी नेऊ नका. श्वासनलिकेची सूज पुढच्या काही तासांत वाढते आणि मग नळी घालणंही कठीण होतं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काही नको. ते खरवडून काढताना रुग्ण जे सोसतो ते आम्ही बघतो.

त्या मुलाचं बघून मी माझ्याच कारमध्ये प्रयोग केला. डोळे मिटले, मांडीवर बाजाराची पिशवी घेतली आणि बाहेर पडायचं ठरवलं. पट्ट्याचं बक्कल सापडलं, पण पिशवीचा बंद त्यात अडकला, मग दाराची कडी शोधताना मी काच खाली-वर करणारं बटण दाबत बसलो. बायको बाहेरून हसत होती. बारा सेकंद लागले, तेही माझ्याच अंगणात, रोजच्या गाडीत. धोक्याच्या क्षणी मेंदू नवं काही शोधत नाही, हातांना जे पाठ आहे तेच करतो. विमानाच्या पट्ट्याचं बक्कल पोटावर मधोमध असतं, तरी अपघातात प्रवासी कारच्या सवयीने ते कमरेच्या बाजूला चाचपतात, असं तपासात आढळलं आहे. गाडी उलटी होऊन आपण लटकत असलो तर आणखी एक पेच: बक्कल सोडलं की आपण डोक्यावर पडतो. आधी एक हात छताला घट्ट टेकवायचा, मग दुसऱ्याने पट्टा सोडायचा. आणि म्हणून पट्टाच नको, असा अर्थ कुणी काढू नये. पट्टा न लावलेला माणूस धडकेतच बेशुद्ध होतो. त्याला बाहेर पडण्याची वेळच येत नाही.

सामान सोडता येणं हीसुद्धा सवयच. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर पेटलेल्या विमानातून सगळे ३७९ जण बाहेर आले. बॅगा आतच राहिल्या. आपल्याकडे बस नुसती बंद पडली तरी आधी वरच्या फळीकडे हात जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक अपघातात माणसाला ओढून काढायची घाई घातकच. मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या एका हिसक्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. फॉर्म्युला वनमध्ये म्हणूनच चालकाला सीटसकट उचलता येईल अशी सोय असते. आग, धूर, पेट्रोलचा वास, पाण्यात बुडणारी गाडी किंवा मागून येणाऱ्या वाहनांचा धोका असेल तर ओढा, मणक्याचा विचार नंतर. यातलं काही नसेल तर डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा, बोलत राहा आणि १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये म्हणून २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच तरतूद आहे. तरी लोक अजून घाबरतात.

गेल्या महिन्यात पुण्याला जायला मी रात्रीची स्लीपर बस धरली. चढल्यावर बर्थपासून मागच्या काचेपर्यंत हाताने मोजलं, चार बर्थ. बूट पायथ्याशी, मोबाईल खिशात. खिडकीजवळ हातोडीची खुंटी होती, हातोडी नव्हती. क्लीनरला विचारलं.

"लोक नेतात ना साहेब घरी," तो म्हणाला. "म्हणून सगळ्या पुढे ड्रायव्हरच्या पेटीत ठेवल्यात. कुलूप लावून."