वाऱ्याकरवी उत्खनन करविणारा शास्त्रज्ञ

जीवशास्त्राच्या आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून ज्याने एकेकाळी मानवाचा आद्य पूर्वज म्हणून मानाचे स्थान पटकावले होते आणि ज्याचे नाव अद्यापही काही पुस्तकांतून पुसले गेलेले नाही, त्या रामापिथेकसला ती प्रतिष्ठा मिळवून देण्यात एल्विन सायमन्स या अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञाचा वाटा सर्वांत मोठा होता. 1932 साली तत्कालीन बिलासपूर संस्थानातील हरितल्यांगरच्या परिसरात, शिवालिकच्या थरांत, येल विद्यापीठाचे तरुण संशोधक एडवर्ड लुईस यांना रामापिथेकसच्या वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. पुढे जवळजवळ तीन दशके त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. 1961 साली सायमन्स यांनी येलच्या संग्रहालयातील हा दुर्लक्षित दाखला पुन्हा तपासला, आणि दातांची कमान मानवाप्रमाणे गोलसर आहे, सुळे लहान आहेत, सबब हा प्राणी मानवाच्याच वंशातला, असा निवाडा दिला. त्यांचे शिष्य डेव्हिड पिलबीम यांनीही तो उचलून धरला.

या निवाड्यातील मेख अशी की, जबड्याचा मधला भाग मुळी उपलब्धच नव्हता. कमानीचा आकार उरलेल्या तुकड्यावरून अंदाजाने पुरा केलेला होता. पुढे 1967 साली सॅरिच आणि विल्सन या बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून, मानव आणि आफ्रिकेतील वानर यांची फारकत अवघ्या 50 लाख वर्षांपूर्वी झाली असावी, असे प्रतिपादन केले, तेव्हा सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांचा म्हणून मानल्या गेलेल्या या पूर्वजाची कैफियत लंगडी पडू लागली. आणि 1980 साली पोतवारच्या पठारावर पिलबीम यांच्याच पथकाला रामापिथेकसच्याच जातकुळीतल्या शिवापिथेकस या लुप्त वानराचा चेहरा हाती लागला, तो ओरांगउटानच्या चेहऱ्याशी इतका मिळताजुळता निघाला की रामापिथेकसला शिवापिथेकसमध्येच विलीन करून हा मामला निकाली काढावा लागला. शिष्याने मत बदलले. गुरू मात्र आपल्या मताला बराच काळ चिकटून राहिले.

ज्या कामामुळे सायमन्स प्रसिद्धीस आले ते असे ढासळले, म्हणून त्यांची योग्यता त्यावरून ठरविणे मला अन्यायाचे वाटते. कारण त्यांचे खरे कर्तृत्व कैरोच्या नैर्ऋत्येस, फायूमच्या वाळवंटात, जबल कतरानीच्या ओसाड खडकांत आहे. आज जेथे गवताची काडी उगवत नाही, तेथे तीन कोटी वर्षांपूर्वी घनदाट अरण्य होते, संथ नद्या होत्या आणि समुद्र फार दूर नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून थोडेबहुत वानरांचे अवशेष युरोपात गेले होते; सायमन्स यांनी 1961 पासून येथे मोहिमा सुरू केल्या त्या, 1967 च्या अरब-इस्रायल युद्धाने पडलेला दहा वर्षांचा खंड वगळता, आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत चालविल्या.

तेथील त्यांची पद्धती मोठी मनोहारी आहे. वाळवंटाच्या पृष्ठावर खडीचे एक कठीण कवच जमलेले असते, आणि त्याखालची मऊ माती वाऱ्यापासून सुरक्षित राहते. हे कवच केरसुणीने झाडून काढले की वर्षभर वारा मऊ माती उडवून नेतो, जड हाडे आणि दात तेवढे जागच्या जागी उघडे पडतात, आणि पुढच्या हंगामात येणाऱ्या मंडळींना गुडघ्यांवर बसून ती वेचण्याचेच काम उरते. कुदळीच्या घावाने जे नाजूक दात चूर झाले असते, ते वाऱ्याने शाबूत हाती दिले. फायूमच्या खडकांतून केवळ वानरच निघाले नाहीत. बॅसिलोसॉरस या आदिम देवमाशाला इवलेसे मागचे पाय होते, ही 1990 साली गाजलेली वार्ताही याच प्रदेशातली, आणि तिच्या लेखकांत सायमन्स होतेच.

सर्वांत मोलाचा लाभ मात्र एजिप्टोपिथेकस या प्राण्याचा. 1965 साली त्याचे नामकरण झाले आणि पुढच्याच वर्षी त्याची जवळजवळ पूर्ण कवटी हाती आली. तिच्यात डोळ्यांच्या खोबण्या मागून हाडाच्या भिंतीने बंद होत्या आणि दातांची मांडणी थेट आपल्यासारखी होती: जबड्याच्या प्रत्येक बाजूस पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन. तोंड मात्र मुस्कटासारखे पुढे आलेले आणि मेंदूची पेटी लहानशी. आशिया-आफ्रिकेतील माकडे आणि वानर यांच्या शाखा विलग होण्यापूर्वीचा हा प्राणी झाडांवरच चतुष्पादाप्रमाणे वावरत असे.

1977 साली ड्यूक विद्यापीठात जाऊन लेमूर केंद्राचा कारभार हाती घेतल्यावरही फायूमची ओढ सुटली नाही. वयाच्या सत्तरीनंतर त्यांच्या पथकाला एजिप्टोपिथेकसच्या एका मादीची अधिक सुस्थितीतील कवटी मिळाली. क्ष-किरणांच्या साहाय्याने तिच्या अंतर्भागाचे मोजमाप केल्यावर, या प्राण्याच्या मेंदूविषयी पूर्वी बांधलेला अंदाज, जो स्वतः सायमन्स यांचाही होता, बराच फुगलेला असल्याचे दिसून आले. आणि 2007 साली, वयाच्या 76 व्या वर्षी, ही दुरुस्ती प्रसिद्ध करणाऱ्या निबंधावर पहिले नाव सायमन्स यांचेच होते. डोळे आणि दात वानरांच्या वळणाचे झाल्यावरही मेंदू बराच काळ मागे रेंगाळत राहिला, आणि तो माकडांत व वानरांत पुढे स्वतंत्रपणे वाढला असावा, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता.