जुने यंत्र आणि जिवंत कारागीर

दुर्मिळ जुनी फटफटी पुन्हा चालती करणे हा हौशी माणसांचा षौक. त्यात चार लोकांनी ऐकण्यासारखे काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. जे थोडे कळते, ते फिटर आणि कातारी यांच्या शेजारी बसून. त्या बळावर आम्ही म्हणतो की, जुने यंत्र उभे करताना माणसाच्या हाताची किंमत जशी कळते, तशी अन्यत्र क्वचितच कळते.

उदाहरणादाखल जपानची ‘मेगुरो’ घेऊ. टोकियोतील मेगुरो भागाचे नाव लावून हा कारखाना १९२४ साली निघाला. १९३७ साली त्याने ५०० सी. सी. ची आपली पहिली मोटारसायकल काढली. १९६० साली इंग्रजी बी. एस. ए. च्या धर्तीवर, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेली ‘स्टॅमिना के-१’ आली. त्याच साली कावासाकीशी करार झाला आणि १९६४ साली कारखाना तिच्यात विलीन झाला. अशा गाडीचे सुटे भाग आज सहजी मिळत नाहीत. पुष्कळ भाग नव्याने घडवावे लागतात.

वर्षानुवर्षे पडून असलेल्या गाडीला प्रथम किक मारू नये. पिस्टन गंजून अडकला असेल, तर प्लग काढून पातळ तेल सोडावे व काही दिवस थांबावे. हातोडा घालणाऱ्याच्या पदरी तुटका पिस्टन येतो. मग मापे घ्यावयाची. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूंवर रेटला जातो, तेथे अधिक झिजतो. म्हणून रिंगा जेथवर पोहोचत नाहीत, तेथे मूळ माप शोधावे लागते. झिजलेल्या भागाची हुबेहूब नक्कल करणे म्हणजे झीजच नव्याने घडविणे होय. चांगला कातारी भागाची आजची स्थिती पाहून थांबत नाही. तो मुळात कसा असावा, हे ताडतो.

आता महत्त्वाची गोष्ट. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरांत बहुधा ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेली, तर रोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. ही धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. योग्य मुखवटा लावून, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तशीच गोष्ट चकाकीची. क्रोमच्या मुलाम्याच्या हौदातून उडणारे आम्लाचे तुषार कामगाराच्या नाकाचा पडदा कुरतडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचाही धोका असतो. हौदाच्या काठाशीच ते शोषून घेणारा पंखा हवा, हातमोजे हवेत. यासाठी पैसा लागतो, आणि स्वस्त दर सांगणारा पहिली काट येथेच मारतो.

म्हणून गाडीच्या मालकाने मुलामा किती चकाकेल व किती पैसे पडतील, एवढेच विचारून थांबू नये. पंखा चालू आहे का, हेही पाहावे. नसेल, तर तेथे काम देऊ नये. तुटलेला भाग कातारी पुन्हा घडवील. कातारी आणि मुलामेवाला यांची फुप्फुसे मात्र कोणत्याही लेथवर घडविता येत नाहीत.