पायडल फिरतंय, पण चाक ढिम्म? सायकलचा फ्रीहब घरी असा तपासा

चढावर उभं राहून जोरात पायडल मारलं आणि पाय एकदम मोकळाच खाली गेला. साखळी जागेवर आहे, पायडल फिरतंय, सायकल मात्र पुढं जात नाही! गिअरच्या सायकलवर असं झालं तर फ्रीहबवर संशय घ्या. एकदा सुटलेला फ्रीहब पुन्हा सुटतो, आणि तो मागून ट्रक येत असतानाही सुटू शकतो. तेव्हा तपासल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.

फ्रीहब म्हणजे मागच्या चाकाच्या मधला तो भाग, ज्यावर गिअरची दातेरी चक्रं, म्हणजे कॅसेट, बसवलेली असते. पायडल थांबवल्यावर ऐकू येणारी टिकटिक याचीच. बहुतेक फ्रीहबमध्ये छोट्या खिट्ट्या असतात आणि त्यांना बाहेर ढकलणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. पायडल मारलं की खिट्ट्या दातेरी कडीत अडकतात आणि चाक ओढलं जातं. थांबलात की त्या दातांवरून घसरत राहतात. शिमानोने आपला फ्रीहब १९७८ मध्ये आणला आणि पुढे ही रचना जगभर रुजली. जुन्या आणि स्वस्त सायकलींत मात्र अजून फ्रीव्हील असतं, म्हणजे खिट्ट्यांसकट सगळा गठ्ठाच आटे फिरवून बसवलेला.

तुमच्याकडे यातलं काय आहे? चाक काढा आणि चक्रं उलटी फिरवा. मधली पाना लावायची खाच चक्रांबरोबर फिरली तर फ्रीहब, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील उघडत बसण्यात अर्थ नाही, सरळ नवीन घ्या.

आता खरं निदान. कुणाला तरी मागचं चाक धरायला सांगा आणि पायडल दाबा. साखळी दातांवरून उडी मारत असेल तर साखळी किंवा कॅसेट झिजलीय, फ्रीहबचा दोष नाही. (उगाच फ्रीहब बदलून बसणारे यातच फसतात.) कॅसेट फिरतेय आणि चाक जागेवर, तर मात्र चोर सापडला. याच्या उलटही होतं: पायडल थांबवलं तरी ते पायांना ढकलत राहतं, वरची साखळी सैल पडून लोंबते. तिथे खिट्ट्या सुटायला तयार नसतात किंवा आतलं बेअरिंग जाम झालेलं असतं.

खिट्ट्या तुटलेल्याच असतील असं नाही. बऱ्याचदा जुनं ग्रीस घट्ट होतं, त्यात पावसाळ्याचा चिखल मिसळतो आणि खिट्ट्या आतच चिकटून राहतात. प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबवर मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

कॅसेट काढायला लॉकरिंगचा खाचेचा पाना आणि चेन व्हिप लागतो. पुढचं हबवर अवलंबून. अनेक कार्ट्रिज बेअरिंगच्या हबमध्ये टोकाची टोपी काढली की फ्रीहब ओढून निघतो. पण पांढऱ्या फडक्यावरच ओढा. स्प्रिंग उडाली की संपलं! खिट्ट्या कोणत्या बाजूला तोंड करून आहेत त्याचा फोटो काढा, रॉकेल किंवा डिग्रीझरने सगळं धुवा आणि पातळ ऑइल लावा. जाड ग्रीस नको, नाहीतर खिट्ट्या पुन्हा चिकटतील. परत बसवताना खिट्ट्या बाहेर येत असतील तर शिवणाच्या दोऱ्याचा एक वेढा देऊन त्या दाबून ठेवा, फ्रीहब आत सरकला की दोरा ओढून घ्या. खिटीचं टोक गोल झालं असेल तर धुवून काही उपयोग नाही.

शिमानोच्या साध्या छर्ऱ्यांच्या हबमध्ये एक्सल काढावा लागतो (बहुतेकांत दोन्ही बाजूंना १/४ इंची ९-९ छर्रे, मोजून ठेवा) आणि आतला पोकळ बोल्ट सहसा १० मिमीच्या ॲलन कीने सुटतो. ही बॉडी उघडायची नसते, बदलायची असते. त्याआधी एक प्रयत्न करून पाहा: फ्रीहबच्या मागच्या फटीत पातळ ऑइल सोडून तो उलटा फिरवत राहा, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क आधी काढून ठेवा. तिला तेल लागलं तर ब्रेक धरणार नाही.

जोडून झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून धरा आणि पायडलवर हळूहळू भार द्या. चाक थोडं थोडं पुढं सरकवून वीसेक वेळा हेच करा. एकदाही सुटलं, तर नवी बॉडी.