गृहोद्यानाची आखणी

गृहोद्यानाची आखणी म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत झाडे, वाफे, वाटा, पाण्याचे मार्ग आणि बसण्या-उठण्याच्या जागा यांची योजनापूर्वक केलेली मांडणी होय. घराच्या मागील जागेला मराठीत परस म्हणतात व तेथील लागवडीला परसबाग. कोकणात परडे आणि गोव्यात कुळागर हे शब्द प्रचलित आहेत. कुळागर मात्र घराला लागून असले तरी मूलतः उत्पन्नाची बाग असते. महाराष्ट्र व गोव्यात वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो व उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. त्यामुळे येथील बागेचे स्वरूप फुलझाडांच्या निवडीपेक्षा पावसाळ्यातील जादा पाणी आणि उन्हाळ्यातील ऊन यांची काय व्यवस्था केली आहे यावर अधिक ठरते. समशीतोष्ण देशांतील पुस्तकांवरून केलेल्या आखण्या येथे अनेकदा फसतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

पारंपरिक मांडणी

जुन्या घरांत बागेची आखणी वेगळी केली जात नसे. ती घराच्या कामांतूनच घडत असे. पुढे सारवलेले अंगण व तुळशीवृंदावन, देवपूजेसाठी हाताशी जास्वंद, तगर, पारिजातक; मागे विहीर, न्हाणी आणि भाजीचा वाफा. न्हाणीचे सांडपाणी ज्या बाजूला उतरे तेथे केळी, अळू आणि कर्दळ लावली जाई. ही झाडे सतत ओल सहन करतात, भरपूर पाणी शोषतात आणि त्यामुळे चिखल व डास कमी राहतात. अळूच्या वड्या आणि केळीचे पान हा त्यातून मिळणारा जोडलाभ होय. सुगंधी फुलांची झाडे पडवीजवळ, शेवगा व कढीपत्ता स्वयंपाकघराच्या मागील दाराजवळ अशी जागा ठरलेली असे. रोज लागणारी वस्तू जवळ आणि क्वचित लागणारी दूर, हा या मांडणीचा न लिहिलेला नियम होता.

गोव्यातील व दक्षिण कोकणातील बागांमध्ये उभ्या थरांची रचना आढळते. सर्वांत वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या खोडावर चढवलेली मिरी, मधल्या थरात केळी व जायफळ आणि जमिनीलगत अननस, हळद, आले. वरच्या थरातून झिरपणाऱ्या उन्हावर खालचा थर वाढतो. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मसाल्याची आंतरपिके घेण्याची जी पद्धत ‘लाखी बाग’ या नावाने प्रसारित केली, तीही याच तत्त्वावर उभी आहे.

ऊन आणि सावली

बागेचा आराखडा काढण्यापूर्वी सूर्याचा वर्षभराचा मार्ग लक्षात घ्यावा लागतो. पुण्याच्या अक्षांशावर (सुमारे १८.५° उत्तर) मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. हेच ‘शून्य सावलीचे दिवस’ होत. या दोन दिवसांच्या दरम्यान तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे झुकतो आणि मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४८° इतकाच वर येतो. परिणामी सहा मीटर उंचीच्या दुमजली घराची भर दुपारची सावली त्या दिवसांत उत्तरेकडे सुमारे साडेपाच मीटर पडते. मेथी, कोथिंबीर, मुळा, कोबी, टोमॅटो यांचा उत्तम हंगाम नेमका हाच असतो. घराच्या उत्तरेला भिंतीलगत केलेला भाजीचा वाफा हिवाळ्यात उघडा पडण्याऐवजी झाकला जातो. रोपे उंच, फिकट होतात आणि दोष बहुधा खताला दिला जातो. भाजीसाठी दक्षिण किंवा पूर्व बाजू मोकळी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सावलीची खरी गरज पश्चिमेला असते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचे तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंती तापवते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत घरात राहते. या बाजूच्या झाडाची निवड करताना फुलांपेक्षा पानगळीचा काळ महत्त्वाचा ठरतो. पांगारा, पळस व काटेसावर फुलतात तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतात. बहावा ऐन बहरात फार थोडी पाने धरतो. मूळचा मादागास्करचा गुलमोहरही मे महिन्यापर्यंत बराच उघडा असतो. कडुनिंबाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकते आणि चैत्रापासून त्याला नवी दाट पालवी असते. बकुळ व आंबा सदाहरित आहेत. देखणे झाड आणि सावलीचे झाड एकच असेल असे नाही. जागा असेल तर बहावा किंवा ताम्हण दिसेल अशा ठिकाणी पुढे आणि कडुनिंब पश्चिमेला, अशी विभागणी करता येते. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे.

पाणी

१०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी येते. गळती व बाष्पीभवन वजा केले तरी त्यातील सुमारे ५६,००० लिटर अडवता येते. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी त्याच छपरावर तीन लाख लिटर पाणी पडते. म्हणून पठारावरील बागेत पाणी जिरवण्याची आणि कोकणातील बागेत ते प्रथम सुरक्षितपणे बाहेर काढण्याची सोय करावी लागते. जमिनीचा उतार नेहमी पायापासून दूर ठेवतात. पागोळ्या पडतात त्या रेषेत माती खचते व भिंतीवर चिखल उडतो, म्हणून तेथे खडीचा किंवा चिऱ्यांचा पट्टा देतात आणि त्यातून निघणारा चर खालच्या बाजूच्या झाडांच्या आळ्यांकडे वळवतात.

हिरवळीचा प्रश्न याच हिशेबात येतो. विस्तीर्ण, कापलेली हिरवळ ही इंग्रजी बागेची कल्पना बंगल्यांच्या आवारांतून येथे रुजली. इंग्लंडात वर्षभर थोडा थोडा पाऊस पडत असल्याने ती तेथे बव्हंशी आपोआप टिकते. दख्खनच्या उन्हाळ्यात एक गुंठा (सुमारे १०० चौरस मीटर) हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी दिले तरी ते ५०० लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर धरले जातात. म्हणजे एवढी हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीत याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हरळीचे गवत उन्हाळ्यात पिवळे पडू दिल्यास मरत नाही, पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवे होते. पण पिवळी हिरवळ मान्य करणारे मालक थोडे असतात. बसण्यापुरती लहान हिरवळ व बाकीच्या जागेत झाडांखाली पालापाचोळ्याचे आच्छादन हा व्यवहार्य पर्याय आहे. आच्छादनामुळे जमिनीतून होणारे बाष्पीभवन घटते आणि पाला जाळण्याची वेळ येत नाही.

न्हाणीचे पाणी आजही बागेत वापरता येते. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीतील क्षार साठून जमीन बिघडू शकते आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही. केळी, कर्दळ, नारळ यांना ते चालते. शोभेच्या कुंडात किंवा रांजणात पाणी साठवल्यास गप्पी मासे सोडतात. अन्यथा तेथे डासांची पैदास होते.

माती

काळी माती ओली झाली की फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अशा जमिनीत पायालगत वाफा करून त्याला सतत पाणी दिल्यास पायाखालची माती असमान फुगते आणि भिंतींना तडे जाऊ शकतात. तेथे वाफे भिंतीपासून अंतरावर, किंचित उंच आणि निचऱ्याचे करतात. कोकणातील जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो. फळझाडासाठी सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो चांगली माती, शेणखत व पालापाचोळ्याने भरावा लागतो. नव्या बांधकामाच्या आवारात सिमेंट, चुना व विटांचा राडारोडा पुष्कळदा मातीखाली दडवलेला असतो. तो माती अल्कधर्मी करतो. लागवडीपूर्वी काढून टाकणे नंतरच्या कोणत्याही खतापेक्षा उपयोगी ठरते.

मोठ्या झाडांची जागा

आखणीतील इतर चुका दुरुस्त होतात. झाडाच्या जागेची चूक सहसा होत नाही. आंब्याच्या कलमांसाठी पारंपरिक शिफारस १० × १० मीटर अंतराची आहे, म्हणजे पूर्ण वाढलेले एक झाड एक गुंठा व्यापते. नारळाला ७.५ मीटर, सुपारीला सुमारे २.७ मीटर अंतर लागते. लहान भूखंडावर दोन कलमे, चार नारळ आणि चिकू एकत्र लावले की दहा वर्षांनी सगळीच उंच, विरळ आणि कमी फळणारी होतात. वड, पिंपळ व उंबर यांची मुळे भिंतीत, सेप्टिक टँकमध्ये व नळांत शिरतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून गच्चीवर उगवलेली त्यांची रोपे लहानपणीच काढावी लागतात. नारळ वाटेवर किंवा कौलांवर झुकेल अशा ठिकाणी लावत नाहीत.

चुकीच्या जागी वाढलेले झाड स्वतःच्या आवारातले असले तरी शहरात ते मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते. त्यामुळे रोप लावण्यापूर्वी त्याच्या पूर्ण वाढीएवढे वर्तुळ जमिनीवर फक्कीने आखून पाहणे हितावह असते.

वाटा आणि कुंपण

वाटा माणसे प्रत्यक्ष जेथून चालतात तेथून काढाव्यात. फाटकापासून दारापर्यंत मुद्दाम वळवलेली वाट आठवड्याभरात ओलांडली जाते. शहाबादी फरशी किंवा जांभ्याचे चिरे सांध्यांत माती ठेवून बसवल्यास पाणी जिरते. गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरते. कुंपणासाठी कोकणात चिऱ्यांचा गडगा, तर इतरत्र मेंदी, कोयनेल व अडुळसा वापरतात. जनावरे अडुळसा खात नाहीत. कण्हेर व पिवळी कण्हेर (बिट्टी) चिवट व कमी पाण्यावर वाढणारी असली तरी त्यांचे सर्व भाग विषारी आहेत, म्हणून लहान मुलांच्या वावराच्या जागी ती टाळतात.

थोड्या जागेतील लागवड

जमीन नसलेल्या घरांत गच्ची व गॅलरी हीच बाग ठरते. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या स्वयंअभ्यासी गटांच्या माध्यमातून आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून लहान जागेतील लागवडीचा विचार मांडला. पानांना मिळणारा सूर्यप्रकाश हा त्यांच्या हिशेबाचा पाया होता, आणि घरातील ओला कचरा व पालापाचोळा कुजवून झाडांसाठी माती घडवता येते, हे त्यांच्या प्रयोगांतील महत्त्वाचे सूत्र होते. गच्चीवर वजन हा निर्णायक मुद्दा असतो. भिजलेली माती घनमीटरला दीड टनाहूनही अधिक भरू शकते, तर काडीकचऱ्याचे कुजलेले मिश्रण तिच्या तुलनेत बरेच हलके असते.

पक्षी आणि फुलपाखरे

बागेतील प्रत्येक कुरतडलेले पान हे रोगाचे लक्षण नसते. लिंबू व कढीपत्ता ही एकाच कुळातील झाडे असून अनेक फुलपाखरांच्या अळ्या त्यांच्या पानांवर वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर जगतात. ज्या घरी लिंबाचे एकच झाड आहे तेथे अळ्या दिसताच फवारणी केली जाते. कोपऱ्यात दुसरे झाड केवळ त्यांच्यासाठी लावणे हा काही बागप्रेमींनी स्वीकारलेला मार्ग आहे. पहिल्या झाडावरील अळ्या हाताने उचलून तेथे सोडल्या जातात.