सरकारी खर्च आणि जिल्ह्याचे उत्पन्न : सातारा-सांगलीतील काही रूढ गैरसमज

दुष्काळी कामे, उपसा सिंचन किंवा रस्ते यांवर सरकारने मोठी रक्कम खर्च केली की त्या भागाची अर्थव्यवस्था त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत इतकी मुरलेली आहे की योजनेला मंजूर झालेली रक्कम हाच तिचा परिणाम मानला जातो. वस्तुतः अर्थसंकल्पातील तरतूद, विभागाला वितरित झालेला निधी आणि कोषागारातून चुकती झालेली देयके हे तीन वेगळे टप्पे आहेत. शेवटच्या टप्प्यापर्यंत रक्कम घटू शकते, वेळ तर हमखास जातो, आणि म्हणून परिणामाचा माग प्रत्यक्ष खर्चाच्या लेख्यांपासूनच काढावा लागतो.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. रोजगार हमीचा पैसा म्हणजे निव्वळ खिरापत, असे सहज म्हटले जाते. परंतु या योजनेची कल्पना ज्यांनी मांडली ते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे होते आणि तिचा पहिला प्रयोगही १९६५ मध्ये त्याच तालुक्यात झाला. हजेरीपटावर नोंदलेली मजुरी हाती आली की ती बहुतांशी धान्य, तेल-मीठ, कपडा आणि औषध यांवर खर्च होते, दुकानदार त्याच पैशातून नवा माल भरतो, आणि अशा रीतीने एका रुपयाच्या खर्चातून एकूण जेवढे उत्पन्न निर्माण होते त्या प्रमाणाला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. गरीब मजूर मिळकतीचा फारच थोडा भाग मागे ठेवू शकत असल्याने त्याच्या मजुरीचा गुणक मोठा असणे स्वाभाविक आहे. मात्र टंचाईच्या वर्षात पहिली मजुरी बहुधा किराण्याची जुनी उधारी फेडण्यात जाते, त्यामुळे आठवडी बाजारातील विक्री लगेच वाढलेली दिसत नाही. तेवढ्यावरून परिणाम झालाच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. याउलट पंप, पोलाद आणि यंत्रसामग्री बाहेरून आली, तर खर्चाचा तो भाग जिल्ह्यात न फिरताच बाहेर जातो, आणि या गळतीमुळे सारख्याच रकमेच्या दोन कामांचे स्थानिक परिणाम फार वेगळे होतात.

हा पैसा कोठून आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रोजगार हमीसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि त्याचा मोठा भार शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर पडला. माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यातील गावाच्या दृष्टीने तो पैसा नवा होता, राज्याच्या दृष्टीने मात्र तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला होता. त्यामुळे जिल्ह्यावरील परिणामाचा आकडा जसाच्या तसा राज्याला लावता येत नाही.

सर्वांत घातक गैरसमज ‘आधी आणि नंतर’ या तुलनेचा आहे. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते, म्हणजे खर्च सर्वाधिक होता तेव्हाच शेतीचे उत्पन्न रसातळाला गेलेले होते. पुढे पाऊस झाला की उत्पन्न सावरतेच. ही दोन वर्षे शेजारी मांडून कोणी खर्चाला अपयशी ठरवील, तर कोणी पावसाचे श्रेय खर्चाला देईल. मोजायची असते ती खर्च झाला नसता तर काय झाले असते, त्या स्थितीशी असलेली तफावत, आणि लोकांना स्थलांतर करावे लागले नाही किंवा बैलजोडी विकावी लागली नाही, हे त्या तफावतीचे खरे मोल होय.

जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यांवरही भाबडी भिस्त ठेवता येत नाही. हे उत्पन्न जिल्ह्याच्या हद्दीत जे निर्माण होते तेवढेच मोजते, आणि अनेक क्षेत्रांत राज्याचा अंदाज काही निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटून ते काढले जाते. साताऱ्याच्या माथाडी कामगारांनी मुंबईहून आणि खानापूर-आटपाडीच्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांनी देशभरातून पाठवलेला पैसा त्यात धरला जात नाही, जरी गावातील घरबांधणी आणि खरेदी त्यावरच चालत असली. वस्तू व सेवा कर तर उपभोगाच्या ठिकाणचा कर आहे. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा परराज्यात खपला, तर त्यावरील राज्याचा हिस्सा तिकडेच जातो.

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे मोजमाप आणखी दीर्घ मुदतीचे आहे. बांधकामाच्या काळातील मजुरी आणि कंत्राटे हा अल्पकाळचा परिणाम असून, खरा परिणाम कालव्यात पाणी खेळल्यानंतर पिके बदलण्यातून होतो. आणि या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन व १९ टक्के शेतकरी उचलतात, म्हणून उत्पन्नातील वाढ या आवर्ती खर्चाच्या समोर ठेवूनच पाहिली पाहिजे. एकाच तालुक्यात, सारख्याच पावसाच्या पट्ट्यात, काही गावांना पाणी आधी मिळाले आणि काहींना नंतर; त्या गावांच्या सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या वर्षवार नोंदी महसूल दप्तरात आहेत. त्या शेजारी मांडून तपासणे जिल्हा सांख्यिकी कार्यालयाच्या आवाक्यातले काम आहे, आणि नव्या टप्प्यांना निधी मंजूर होण्यापूर्वी ते व्हायला हवे.