फिरायला जायचे, पण वाट कुठे आहे?

मधुमेह असो, रक्तदाब असो की गुडघेदुखी, आम्ही डॉक्टर मंडळी एक वाक्य हमखास सांगतो : 'रोज अर्धा तास चाला.' परभणी तालुक्यातल्या पेडगावच्या साठीतल्या एका काकूंनी यावर मला सरळच विचारले, "चालते हो डॉक्टरसाहेब, पण चालू कुठं? सडकेला गाड्या, अन् पाणंदीत काटे."

खेड्यातल्या माणसाला चालण्याची काय वाण, असे शहरात वाटते. ते आता खरे राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतापर्यंत मोटारसायकल जाते आणि वय झालेल्यांचे चालणे ओट्यापासून पारापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मधुमेह्यांनी जेवणानंतर 10-15 मिनिटे चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

यासाठी गावाजवळ पाणंदीसारखी जागा नाही. वाहने कमी, कडेला झाडांची सावली, पायाखाली माती. पण दोन्ही बाजूंनी दरवर्षी एकेक तास आत सरकत जातो, उरलेल्या पट्ट्यात वेडी बाभूळ माजते. पावसाळ्यात तर आपली काळी माती चपलेला अशी धरते की म्हातारे माणूस घसरलेच. या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा पायावर उभे राहणे अवघड असते.

वाट बुजली म्हणून माणसे जायची थांबत नाहीत. ती बांधावरून, गवतातून जातात. बायाबापड्या तर अंधारातच. घोणस, नाग, मण्यार यांची गाठ तिथेच पडते. हाती बॅटरी व काठी आणि पायात बूट असलेच पाहिजेत. साप चावल्यास आवळून बांधू नये, जखम कापू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला आडवे ठेवून तातडीने प्रतिविष लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. त्याला चालवत नेऊ नये. आता जिथे गाडीच येत नाही, तिथे न चालवता न्यायचे कसे? 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात आहे, पण ती चिखलात शिरू शकत नाही. अडलेल्या बाळंतिणीचेही तेच.

म्हणून पाणंद हा मला दवाखान्याचाच विषय वाटतो. गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली वाट कुणा एकाची नसते. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. त्याखाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. रोजगार हमीच्या जोडीने 2021 मध्ये मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना आली. 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचे ठरले. यातले काहीही फिरणाऱ्यांसाठी झालेले नाही, ते शेतकऱ्यासाठी आहे. पण ट्रॅक्टरला मोकळी झालेली वाट काकूंनाही मोकळीच. भावकीत वैर येईल म्हणून अर्ज करायला कोणी धजत नाही, हेही मला ठाऊक आहे. अशा वेळी एकट्याने अर्ज करण्याऐवजी ग्रामसभेत महिलांनी मिळून विषय काढावा. त्याचे वजन वेगळे पडते.

वाट होईपर्यंत शाळेच्या मैदानावर फेऱ्या माराव्यात. सडकेनेच जाणे भाग असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, फिकट कपडे घालून चालावे. चालताना छातीत दुखले किंवा दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. मधुमेह्यांनी अनवाणी जाऊ नये, परतल्यावर तळपाय उजेडात पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.